खार म्हणजे मी नव्हे

तपासनीसांनी लहान मुलांसाठी एक गोष्ट लिहिली आणि पाच बिऱ्हाडांच्या त्या इमारतीत पंधरा दिवस कुणी कुणाशी सरळ बोललं नाही. गोष्ट मैत्रीवर होती.

तपासनीस म्हणजे विमा कंपनीचे नुकसान-तपासनीस. कुणाचं गोदाम जळलं, कुणाच्या दुकानात पाणी शिरलं, कुणाची गाडी भिंतीवर चढली, की हे वही घेऊन जायचे आणि समोरचा माणूस खोटं बोलतोय असं धरून कामाला लागायचे. बावीस वर्षं हेच. त्यामुळे संशय घेणं हा त्यांचा स्वभाव नव्हता, धंदा होता; पण बावीस वर्षांनंतर या दोहोंत असा काय मोठा फरक उरतो? घरात दूध उतू गेलं तरी ते बायकोला विचारायचे, "त्या वेळी तू नक्की कुठे होतीस?" बायको म्हणायची, "इथेच होते, आणि मीच घालवलं उतू. घ्या लिहून." एवढी सहज कबुली दिली म्हणजे काहीतरी वेगळंच असणार, असं त्यांना त्यावरही वाटायचं.

तर त्यांच्या मुलीच्या शाळेतून चिठ्ठी आली. मुलगी तिसरीत, घरातलं नाव बिट्टी. शाळा दरवर्षी एक पुस्तिका काढायची, आणि या वर्षी म्हणे पालकांनी गोष्टी लिहायच्या. विषय ठरलेला: वाटून घेणे, चूक दुरुस्त करणे आणि मैत्री. दीड पान. प्राणी असल्यास उत्तम. बायकोने चिठ्ठी वाचली आणि 'ही आता माझ्याच गळ्यात पडणार' या हिशेबाने बाजूला ठेवली. तेवढ्यात तपासनीस म्हणाले, "मी लिहितो."

बायकोने हातातलं काम खाली ठेवलं. ज्या माणसाने तीन वर्षांत मुलीच्या वहीत सहीपलीकडे एक अक्षर लिहिलं नाही, तो आपण होऊन गोष्ट लिहितो म्हणतो. "काय भानगड आहे?" तिने विचारलं. एवढी वर्षं एकत्र राहिल्यावर संशयाचा थोडा संसर्ग होणारच.

भानगड होती, आणि ती तळमजल्यावर राहत होती.

तळमजल्यावर बाइंडर राहायचे. पुढच्या खोलीत त्यांचं काम, म्हणजे कागदांचे गठ्ठे, खळीचं भांडं, दोऱ्याची रिळं, पुस्तकं दाबून ठेवायचा लोखंडी शिकंजा. आणि मागच्या दोन खोल्यांत संसार. अकरा वर्षं बाइंडर आणि तपासनीस एकमेकांचे जिवलग होते. इतके, की दोन घरांत मिळून एकच वर्तमानपत्र यायचं. बाइंडर सकाळी त्याचे कागद सुटे करायचे, बाहेरचे स्वतःला ठेवायचे, आतले वर पाठवायचे, आणि आठ वाजता दोघे जिन्यात भेटून अदलाबदल करायचे. या अदलाबदलीला पाऊण तास लागायचा. तपासनीसांची बायको म्हणायची, "पेपर बदलायला गेलेत की छापायला?"

मग मध्ये एक थर्मास आला. तपासनीसांना एकदा परगावी जळलेली गिरणी बघायला जायचं होतं. त्यांनी बाइंडरांचा थर्मास मागून नेला. परत येताना तो गाडीत बाकावरून खाली पडला. बाहेरून ओरखडासुद्धा नाही, पण आतल्या काचेचा चुरा. तपासनीसांनी तो धुतला, पुसला, पिशवीत घातला आणि बाइंडरांच्या दाराच्या कडीला अडकवून गुपचूप वर आले. दुसऱ्या दिवशी आठ वाजता जिन्यात बाइंडर सहज म्हणाले, "अरे, थर्मासची आतली काच गेलीय." आता 'हो रे, माझ्या हातून पडला' एवढं म्हणायला कितीसा वेळ लागतो? तपासनीसांना तेच म्हणायचं होतं. ते नंतर शपथेवर सांगायचे की तेच म्हणायचं होतं. पण तोंडाला वीस वर्षांची सवय. तोंड म्हणालं, "नेताना शाबूत होता कशावरून?"

बाइंडरांनी आपल्या हातातलेही कागद त्यांच्या हातात दिले, आत गेले आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून इमारतीत दोन वर्तमानपत्रं येऊ लागली. या गोष्टीला दोन वर्षं झाली होती, आणि या दोन वर्षांत तपासनीसांना दुसरा मित्र मिळाला नव्हता. खरं म्हणजे त्यांनी शोधलाच नव्हता. त्यांना तोच हवा होता.

प्रयत्न केले नाहीत असं नाही. त्यांनी नवा थर्मास आणून बाइंडरांच्या कडीला अडकवला. तासाभरात तो त्यांच्याच कडीला परत, पिशवीची नीट घडी घालून. मग पत्र लिहायला घेतलं. पण पत्र 'सदर थर्मासबाबत' असं सुरू झालं आणि तिसऱ्या ओळीत 'नुकसानीचे संभाव्य कारण' आलं, तेव्हा त्यांनीच ते फाडलं. जिन्यात समोरासमोर आले की तपासनीस घसा साफ करायचे आणि बाइंडर कुलूप तपासायचे. दोन वर्षांत तपासनीसांचा घसा इतका साफ झाला होता की गाणं शिकले असते तरी चाललं असतं.

आणि आता ही चिठ्ठी. शाळेची पुस्तिका दरवर्षी शिवायला बाइंडरांकडेच जायची, आणि बाइंडरांची पद्धत अख्ख्या गावाला माहीत होती: शिवण्यापूर्वी ते पानन् पान वाचायचे. एकदा कुठल्याशा पुस्तकात आठ पानं उलटी गेली होती, तेव्हापासून त्यांचा नुसत्या आकड्यांवर विश्वास राहिला नव्हता. म्हणजे आपण गोष्ट लिहायची, ती आपसूक बाइंडरांच्या हातात जाणार, ते वाचणार, त्यांना कळणार. तोंड उघडायची गरजच नाही. सापही मेला आणि काठीही शाबूत. इतकी बेमालूम योजना एखाद्या दावेदाराने केली असती तर तपासनीसांनी त्याच्या पाठीवर थाप मारली असती आणि दावा नामंजूर केला असता.

गोष्ट अशी: एका खारीने अस्वलाचं मधाचं मडकं मागून नेलं. तिच्या हातून त्याला तडा गेला. तिने तड्यात डिंक भरला आणि मडकं गुपचूप परत ठेवलं. अस्वलाने मध भरला, तो सगळा गळून गेला. अस्वलाला वाईट वाटलं, खारीला त्याहून वाईट वाटलं. तिने एक नवं मडकं आणून गुहेच्या दाराशी ठेवलं. अस्वलाने ते बघितलं, त्याला सगळं समजलं, आणि दोघांनी मिळून मध खाल्ला.

बिट्टीने ती वाचली आणि विचारलं, "बाबा, खार सॉरी कधी म्हणाली?"

"म्हणायला कशाला हवं? अस्वलाला समजलं ना."

"कसं समजलं?"

"शहाणं होतं ते."

"शहाणं होतं तर खारीला मडकं दिलंच कशाला?" बिट्टीने विचारलं. तपासनीसांनी तिला अभ्यासाला बसवलं.

गोष्ट टाइप करून द्यायची होती, आणि इमारतीत छपाईचं यंत्र एकच, चौथ्या मजल्यावर सेक्रेटरींकडे. सेक्रेटरी म्हणजे इमारतीच्या सोसायटीचे. निवृत्त गृहस्थ, दिवसभर सूचना लिहायचे आणि संध्याकाळी त्या कोण वाचतंय ते बघत जिन्यात उभे राहायचे. त्यांनी पान यंत्रातून निघता निघताच वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं. मग चष्मा काढून विचारलं, "ही खार कोण?"

"खार म्हणजे खार," तपासनीस म्हणाले.

"तसं नव्हे. कुणावरून लिहिलंय?"

"कुणावरूनच नाही," तपासनीस म्हणाले, आणि ते खोटं असल्यामुळे त्यांचा चेहरा पडला. सेक्रेटरींनी तो पडताना बघितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तपासनीसांच्या दाराला एक शिडी टेकवलेली. धुतलेली, पुसलेली, तळाला नवे रबर बसवलेली. ती तपासनीसांचीच होती. चौदा महिन्यांपूर्वी सेक्रेटरींनी दोन दिवसांसाठी नेली होती. सोबत चिठ्ठी: 'वापर झाला. आभार. गैरसमज नसावा.' शिडी येईपर्यंत तपासनीस तिला विसरून गेले होते. पण 'गैरसमज नसावा' वाचलं आणि ते दचकले. गैरसमज नसावा असं माणूस केव्हा म्हणतो? समज बरोबर असतो तेव्हा. त्यांनी वही काढली आणि पहिल्या पानावर लिहिलं, 'शिडी. का?'

सेक्रेटरींनी गोष्टीच्या दोन जादा प्रती काढून ठेवल्या होत्या, म्हणे दफ्तरी असाव्यात म्हणून. त्यातली एक त्यांनी तिसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांना दाखवली, मत घ्यायला. दुसरी पहिल्या मजल्यावरच्या शिवणवाल्या काकूंना दिली, म्हणे बायकांचाही विचार घ्यावा. संध्याकाळी डॉक्टर दारात हजर. त्यांच्या हातात एक छत्री, एक बॅटरी आणि मुलांच्या कोड्यांचं एक पुस्तक.

"तुमचं आमच्याकडे जे काही असेल ते एवढंच," डॉक्टर म्हणाले.

तपासनीसांनी छत्री उघडून बघितली. चौकटीची, मूठ गुलाबी. "ही आमची नाही."

"असेल. बघा नीट."

"डॉक्टर, ही बायकांची आहे."

"तुमच्या घरात बायका नाहीत का?" डॉक्टर म्हणाले आणि चटचट जिना चढून गेले. बॅटरीही यांची नव्हती. पुस्तक होतं, पण त्यातली कोडी कुणीतरी सोडवून टाकली होती. तपासनीसांनी वहीत लिहिलं, 'छत्री कुणाची?' आणि खाली दोन रेघा मारल्या.

काकू दुसऱ्या दिवशी आल्या. त्यांनी एक स्टूल आणलं, एक वाडगा आणला आणि डोळ्यांत पाणी आणलं. शिवणयंत्रावर बसून बसून त्यांचं अंग सुटलं होतं, आणि त्याबद्दल त्या हळव्या होत्या. "मला सरळ सांगा," त्या म्हणाल्या, "अस्वल म्हणजे मीच ना?"

तपासनीस गडबडले. ते खारीच्या तयारीत होते, अस्वलाची त्यांनी तयारीच केली नव्हती. "काकू, अस्वल म्हणजे फक्त अस्वल."

"जाड लिहिलंय."

"अस्वल जाडच असतं हो."

"मग अस्वलच का घेतलंत?" काकू म्हणाल्या. "हरिण घेता आलं असतं. हरणाला मध खायला काय कुणी मनाई केलीय?" बायकोने काकूंना चहा दिला, आणि त्या गेल्यावर नवऱ्याला म्हणाली, "अहो, शिडी आली, स्टूल आलं, वाडगा आला. चांगलं झालं की. गोष्ट लागू पडली."

"तेच तर," तपासनीस म्हणाले. "एवढं सहज परत देतायत म्हणजे आत अजून किती असेल?" आणि आता त्यांना एकेक वस्तू आठवायला लागली. करवत कुठे गेली? पाण्याचा हिरवा पाइप कुठे आहे? डॉक्टरांच्या गॅलरीत असाच पाइप त्यांनी बघितला होता. बघितला होता ना? ते खाली रस्त्यावर उभे राहून मान वर करकरून डॉक्टरांची गॅलरी बघू लागले. डॉक्टरांनी त्या बाजूचे पडदे ओढून घेतले. मग तर पाइप तिथेच असणार याबद्दल तपासनीसांची खात्री पटली. पुढे तो त्यांच्याच माळ्यावर सापडला, पण ती भानगड वेगळी.

तिकडे इमारतीत प्रश्न निघाला की तपासनीसांना ही सगळी माहिती पुरवतो कोण. बिट्टी सगळ्यांच्या घरी खेळायला जायची. काकूंनी तिला दोऱ्याची रिळं दाखवायचं बंद केलं. डॉक्टरांच्या घरी ती गेली की कपाटाची दारं लावून घेऊ लागले. "बाबा, मी काय केलं?" तिने विचारलं. तपासनीसांनी तिला जवळ घेतलं. पण गोष्ट मागे घ्यायची म्हणजे बाइंडरांपर्यंतचा एकुलता एक रस्ता बंद करायचा. त्यांनी तिला पुन्हा अभ्यासाला बसवलं.

चौथ्या दिवशी शाळेतून बोलावणं आलं. मुख्याध्यापिकाबाईंच्या टेबलावर एक तक्रारअर्ज होता: सदर कथेत एका प्रतिष्ठित रहिवाशाची खार केली असून ती त्वरित वगळावी. अर्ज निनावी होता, पण कागदाला लवंगेच्या तेलाचा वास येत होता, आणि तपासनीसांना एवढा पुरावा पुष्कळ झाला.

"मला व्यक्तिशः गोष्ट आवडली," बाई म्हणाल्या. "पण तक्रार आली की नियम लागतो. तुम्ही प्राणी बदला ना."

तपासनीसांनी तिथेच बसून प्राणी बदलून पाहिले. खारीचं कासव केलं, तर सेक्रेटरी गुडघ्यांमुळे हळू चालायचे. कोल्हा केला, तर डॉक्टरांचं नाक. पोपट केला, तर काकूंना बोलायची हौस. उंदीर ठेवला असता, पण उंदीर म्हटलं की खुद्द शाळेचे कारकून दुखावले असते, असं बाई हलक्या आवाजात म्हणाल्या. तासाभरात दोघांनी सगळं जंगल पालथं घातलं आणि एकही निर्दोष प्राणी सापडला नाही.

"मग ना हरकत पत्रं आणा," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी स्वतःच्या हाताने मजकूर लिहून दिला: 'कथेतील खार म्हणजे मी नव्हे. माझे कुटुंबीयही नव्हेत. सदर खारीबद्दल माझी काही हरकत नाही.' प्रत्येकी तीन प्रती. शुक्रवारपर्यंत. इमारतीतल्या उरलेल्या चारही बिऱ्हाडांकडून.

"चारही?" तपासनीसांनी विचारलं.

"तळमजलासुद्धा," बाई म्हणाल्या.

शाळेतून घरापर्यंतचा रस्ता दहा मिनिटांचा, तो त्या दिवशी त्यांना अर्धा तास पुरला. बोलायची पाळी येऊ नये म्हणून गोष्ट लिहिली, आणि आता ती छापून यावी म्हणून त्याच माणसाच्या दारात जाऊन 'मी खार नव्हे' यावर त्याची सही मागायची. आणि खार तर स्वतःच कागद घेऊन उभी. तपासनीसांनी ठरवलं की तळमजला शेवटी घ्यायचा. वरून सुरुवात करू, तोवर काहीतरी सुचेल.

सेक्रेटरींनी कागद चार वेळा वाचला. "सही करायला माझी ना नाही," ते म्हणाले. "पण पहिली सही माझी दिसली तर लोक म्हणतील, याला एवढी घाई का?"

"मग दुसरी करा."

"पहिली कुणाची आहे?"

"अजून कुणाचीच नाही."

"बघा," सेक्रेटरी म्हणाले, जणू काही सिद्धच झालं. डॉक्टरांना मजकूर अपुरा वाटला. त्यांनी 'नव्हे' च्या पुढे 'व कधीही नव्हतो' असं घातलं, मग ते फार झालं असं वाटून खोडलं, आणि खोडलेलं दिसतं म्हणून कोरा कागद मागितला. काकू म्हणाल्या, "खारीचं मी लिहून देते, पण अस्वलाचं कोण लिहून देणार?" गुरुवार दुपारपर्यंत तपासनीसांनी एकवीस वेळा जिना चढून उतरून पाहिला आणि त्यांच्याकडे सह्या शून्य.

मग सेक्रेटरींनीच वाट काढली. त्यांनी तपासनीसांना जिन्याच्या वळणावर गाठलं आणि विचारलं, "आपल्यात राहील. डॉक्टरच ना?"

तपासनीस काही बोलले नाहीत. गप्प राहणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. त्यांच्या धंद्यात तर मुळीच नव्हे. सेक्रेटरींच्या चेहऱ्यावर ऊन पडलं. "मला वाटलंच होतं," ते म्हणाले आणि त्यांनी भिंतीवर कागद धरून तिन्ही प्रतींवर सही ठोकली. तासाभराने डॉक्टर म्हणाले, "सेक्रेटरी असणार. एवढ्या प्रती उगाच काढत नाही माणूस." तपासनीस पुन्हा गप्प. सही. काकूंना तर दोघांचाही संशय होता, आणि खार म्हणून दोघेही चालत होते. सही. संध्याकाळपर्यंत तीन बिऱ्हाडांच्या सह्या जमा झाल्या आणि तिन्ही बिऱ्हाडांचं आपसात बोलणं बंद पडलं. सेक्रेटरींनी डॉक्टरांकडचा दात अर्धवट भरलेला असताना दुसरा दवाखाना शोधला.

बायको हे सगळं बघत होती. ती म्हणाली, "अहो, काल या घरांत एकमेकांच्या कप-बशा जात-येत होत्या. आज कुणी कुणाला उसनी सुई देत नाही. आणि तुम्हाला ज्यांच्याशी बोलायचंय ते तर अजून तसेच खाली आहेत. जा ना एकदाचे."

"उद्या जातो."

"आणि जाऊन काय, सही मागणार?"

"कागद तर न्यायला हवा," तपासनीस म्हणाले. कागदाशिवाय कुणाच्या दारात कसं जायचं, हे त्यांना खरोखरच ठाऊक नव्हतं.

शुक्रवारी सकाळी ते तळमजल्यावर गेले. दार उघडंच होतं. बाइंडर जमिनीवर बसून एक जाडजूड वही शिवत होते. त्यांनी वर बघितलं आणि सुई थांबली. दोन वर्षांत त्यांचे केस बरेच पांढरे झाले होते. तपासनीसांनी ते रोज जिन्यात बघितले होते, तरी इतके झालेत हे त्यांना आज दिसलं.

तपासनीसांनी घसा साफ केला. "एक सही हवी होती. शाळेचं काम आहे." त्यांनी तिन्ही प्रती पुढे केल्या.

बाइंडरांनी हात पुसले, कागद घेतला आणि वाचला. "खार म्हणजे मी नव्हे," त्यांनी मोठ्याने वाचलं. "असं लिहून द्यायचं?"

"हो."

"कशासाठी?"

"पुस्तिकेत माझी गोष्ट आहे. ती छापायला जाण्याआधी हे लागतं."

बाइंडरांनी कागद उलटून मागची बाजूही बघितली. मग म्हणाले, "पुस्तिका बुधवारीच बांधून गेली. मी स्वतः शिवली. बत्तीस पानं. पानन् पान वाचलंय. तुझी गोष्ट नाही त्यात."

तपासनीसांना आधी राग आला. शुक्रवार म्हणाल्या होत्या बाई. चार सह्या या माणसाला जन्मात मिळायच्या नाहीत असं धरूनच चालल्या असणार, आणि मी इथे जिन्यावर पायाचे तुकडे पाडून घेतले. एवढा मोठा फसवणुकीचा प्रकार त्यांच्या हातून आजवर सुटला नव्हता. मग राग ओसरला आणि त्याच्या जागी भलतंच काही आलं. म्हणजे गोष्ट यांच्यापर्यंत पोचलीच नव्हती. आता पोचणारही नव्हती. आणि कागदावर सहीही नको होती. या खोलीत थांबायला त्यांच्याकडे आता एकही कारण उरलं नव्हतं.

त्यांनी कागद परत घेतला. "मग राहू दे," ते म्हणाले आणि दाराकडे वळले.

"सगळी इमारत खारीबद्दल बोलतेय," बाइंडर मागून म्हणाले. "मला कुणी काही सांगत नाही. गोष्ट काय होती?"

तपासनीस दारातच थांबले. मग पाठमोरेच म्हणाले, "विशेष काही नाही. एका खारीने अस्वलाचं मडकं नेलं. त्याला तडा गेला."

"कुणाच्या हातून?"

"खारीच्या."

"खारीच्या म्हणालास म्हणून तर हा घोळ झाला," बाइंडर म्हणाले. त्यांच्या आवाजाला धार होती. "इमारतभर सगळे विचारत फिरतायत, खार कोण, खार कोण. मलाही विचारायचंय. पहिल्यापासून सांग, आणि नीट सांग."

तपासनीस वळले. 'कशावरून?' हे बावीस वर्षांचं वाक्य जिभेवर आलंच होतं, नेहमीसारखं, आपण होऊन. त्यांनी ते गिळलं. मग ते समोरच्या कागदांच्या गठ्ठ्यावर बसले आणि हातातल्या तिन्ही प्रती त्यांनी गुडघ्यावर उलट्या ठेवल्या.

"एक होतो मी," ते म्हणाले.

"हं," बाइंडर म्हणाले.

"मी एकदा माझ्या मित्राचा थर्मास नेला."

"हं."

"तो माझ्या हातून पडला. काच फुटली. मला ते लगेच कळलं होतं. मी तो धुऊन, पुसून, न सांगता परत ठेवला."

"हं."

"दुसऱ्या दिवशी त्याने मला सहज सांगितलं. भांडला नाही, काही नाही. आणि मी त्यालाच विचारलं, कशावरून."

या वेळी बाइंडरांनी हुंकार दिला नाही. सुई वहीत तशीच अर्धी रुतलेली होती. ते खाली बघून म्हणाले, "काचेचं काही नव्हतं रे. ती मी त्याच दिवशी केरात टाकली. पण अकरा वर्षांनी तू मला 'कशावरून' असं विचारलंस, ते मला टाकता आलं नाही. पुढे?"

"पुढे काही नाही," तपासनीस म्हणाले. "चुकलं माझं. फार चुकलं."

"संपली?"

"संपली."

बाइंडरांनी मान हलवली. "दोन वर्षं, दीड पान, आणि सगळ्या इमारतीच्या सह्या," ते म्हणाले. "आणि गोष्ट एवढीशी." मग त्यांनी वही बाजूला सारली, पाय लांब केले, भिंतीला टेकून बसले आणि डोळे मिटून म्हणाले, "परत सांग."

तपासनीसांनी परत सांगितली, पहिल्यापासून.